जुन्या गोळीची नवी परीक्षा

प्रस्तावना

मधुमेहाची गोळी आणि कर्करोगावरील किरणोपचार या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरवर पाहता वाटत नाही. गोळी घराघरांत रोज जेवणाबरोबर घेतली जाते. किरणोपचार मोठ्या रुग्णालयातील जाड भिंतींच्या खोलीत, मोजून ठरवलेल्या दिवशीच दिले जातात. तथापि मागील सुमारे दोन दशके अनेक देशांतील संशोधक या दोहोंचा एकत्र विचार करीत आले आहेत. हा विचार कोठून निघाला, त्यामागे कोणता तर्क आहे आणि तो तर्क प्रत्यक्षाच्या कसोटीस कितपत उतरला, हे या पाठात पाहावयाचे आहे. पाठ वाचताना आकड्यांवरून घाईने पुढे जाऊ नये. या विषयात खरी फसगत आकड्यांतच दडलेली आहे.

मूळ पाठ

बंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या कडेने पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. १९७०च्या दशकात वसवलेल्या या भागात आज हजारो लहानमोठे कारखाने आहेत. यंत्रांचे सुटे भाग, साचे, विजेची उपकरणे, धातूवर मुलामा देण्याची कामे, तयार कपडे असा तेथील उद्योगांचा विस्तार आहे. २०१४ मध्ये मेट्रो रेल्वे तेथवर पोचली. कर्नाटकाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून लोक येथे पोट भरण्यासाठी येतात. त्यांच्यापैकी एका कामगाराची आपण केवळ उदाहरणादाखल कल्पना करू. तो निपाणीकडचा, घरी मराठी आणि कारखान्यात कन्नड बोलणारा; वय पन्नाशीच्या आसपास; लेथ यंत्रावर काम करण्यात आयुष्य गेलेले. त्याला मधुमेह आहे. त्यात नवल नाही, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिनची गोळी तो सकाळ-संध्याकाळ घेतो.

या माणसाला काही महिन्यांपासून शौचाच्या वेळी रक्त पडत आहे. ती मूळव्याध असावी असे तो धरून चालतो. कोणी त्याला सुरण खावयास सांगतो, कोणी ताक प्यावयास सांगतो, तर कोणी एखाद्या जाहिरातीतील मलम आणून देतो. या आजाराच्या बाबतीत लाज ही फार मोठी अडचण असते. बायकोलाही सांगणे नको वाटते. पुढे वजन उतरू लागते, शौचाची वेळ आणि सवय बदलते, आणि मग कोठे तो कामगार राज्य विमा योजनेच्या दवाखान्याची पायरी चढतो. तेथील डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासणी करतात. एका मिनिटाची ही साधी तपासणी सहा महिन्यांपूर्वी झाली असती, तर त्या सहा महिन्यांत वाढलेली गाठ वाढली नसती. दुर्बिणीने आतून पाहून गाठीचा तुकडा तपासला जातो. निदान ठरते : गुदाशयाचा कर्करोग.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. बोलीत ज्याला ‘आतड्याचा कर्करोग’ म्हणतात, तो बहुधा मोठ्या आतड्याचा असतो. मोठ्या आतड्याच्या वरच्या, लांबलचक भागात गाठ असेल तर किरणोपचार सहसा दिले जात नाहीत. तो भाग पोटात हलता असतो आणि त्याच्या भोवती लहान आतड्याची नाजूक वेटोळी असतात. शेवटचा सुमारे पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तो कटिरातील हाडांच्या पेल्यात स्थिर बसलेला असतो. त्यामुळे किरणांचा नेम तेथे नीट धरता येतो. शिवाय त्या अरुंद पेल्यात शस्त्रक्रियेला वाव थोडा असल्यामुळे गाठीचे सूक्ष्म अंश मागे राहून रोग त्याच जागी उलटण्याचे भयही तेथे अधिक असते. म्हणूनच किरणोपचार आणि शस्त्रक्रिया यांची जोडी या रोगात जमली.

त्या जोडीत अगोदर कोण आणि मागाहून कोण, हा बरेच दिवस वादाचा विषय होता. २००४ साली जर्मनीतील एका मोठ्या चाचणीने तो बराचसा मिटवला. शस्त्रक्रियेपूर्वी किरण व औषधे दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांत पाच वर्षांत रोग त्याच जागी परतला. शस्त्रक्रियेनंतर तेच उपचार दिलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. तेव्हापासून अगोदर किरण, मग शस्त्र असा क्रम रूढ झाला. साधारण पद्धतीत ५०.४ ग्रे इतकी मात्रा २८ भागांत विभागून, साडेपाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस दिली जाते आणि त्याबरोबर कर्करोगावरील औषधाच्या गोळ्या असतात. दुसऱ्या, आखूड पद्धतीत २५ ग्रे मात्रा पाच दिवसांत पुरी होते.

किरणोपचार संपल्यावर काही आठवडे थांबून शस्त्रक्रिया केली जाते. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता काही रुग्णांत शल्यचिकित्सकांना चकित करणारी गोष्ट आढळे : कर्करोगाची एकही पेशी शिल्लक नसे. सारी गाठ किरणांनीच विरघळलेली असे. मग शस्त्रक्रिया कशासाठी केली, हा प्रश्न कोणाच्या तरी मनात येणारच होता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील शल्यचिकित्सक आंजेलिता हाब्र-गामा यांनी तो उघडपणे विचारला. ज्यांच्या तपासणीत गाठीचा मागमूस उरला नाही, अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता त्यांनी त्यांना वारंवार तपासत राहण्याचा मार्ग धरला. २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७१ जणांची गाठ पूर्णपणे नाहीशी झाली होती. आरंभी या धाडसावर कडक टीका झाली. आज ‘पाहा आणि थांबा’ हा मार्ग निवडक रुग्णांसाठी, कसून पाठपुरावा करण्याच्या अटीवर, जगभर मान्य झाला आहे.

लेथवरच्या त्या कामगाराच्या दृष्टीने हा भेद किती मोठा आहे! गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल, तर शस्त्रक्रियेत गुदद्वारच काढून टाकावे लागते आणि आतड्याचे तोंड पोटावर आणून तेथे कायमची पिशवी लावावी लागते. पिशवी लावूनही माणसे कामे करतात, प्रवास करतात, दीर्घायुषी होतात. ती लाजिरवाणी गोष्ट नव्हे. परंतु दहा माणसांत एक संडास असलेल्या भाड्याच्या खोलीत, यंत्रासमोर आठ तास उभे राहून, महिन्याकाठी पिशव्यांचा खर्च सोसत ती सांभाळणे किती अवघड आहे, हे सांगावयास नको. तेव्हा किरणांनीच गाठ पूर्णपणे विरघळण्याचे प्रमाण कसे वाढवता येईल, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. त्यात माणसाचा उरलेला सारा दिनक्रम पणाला लागलेला असतो.

किरणांना काय आडवते?

एकच मात्रा घेऊन एकाची गाठ विरघळते आणि दुसऱ्याची तशीच राहते, असे का व्हावे? याचे एक जुने उत्तर प्राणवायूमध्ये आहे. किरण पेशीत शिरले की तेथील पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात आणि ते पेशीच्या केंद्रातील गुणसूत्रांवर आघात करतात. जवळ प्राणवायू असेल तर ही जखम पक्की होते. नसेल तर पेशी ती पुष्कळ अंशी दुरुस्त करून घेते. प्राणवायूवाचून जगणाऱ्या पेशीला मारण्यासाठी अडीच ते तीन पट मात्रा लागते. इंग्लंडमधील भौतिकीचे अभ्यासक ल्युइस हॅरॉल्ड ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ ते १९५५ या काळात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. किरणांच्या मात्रेच्या एककाला आज ‘ग्रे’ हे नाव आहे, ते त्यांचेच.

कर्करोगाची गाठ बेसुमार वाढते. तिला रक्त पुरवणाऱ्या नलिका मात्र वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. रक्तवाहिनीपासून केसाच्या दोन-अडीच पट जाडीइतक्या अंतरावर गेले, की प्राणवायू संपतो. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या चाळीतील पाण्याच्या नळाशी याची तुलना करता येईल. टाकीजवळचे बिऱ्हाडकरू हंडे-कळशा भरभरून घेतात आणि शेवटच्या खोलीत नळ नुसता फुसफुसतो. गाठीतील शेवटच्या खोलीत राहणाऱ्या पेशी अर्धपोटी राहतात, हळू वाढतात, पण किरणांना दाद देत नाहीत. उपचार संपल्यावर रोग पुन्हा उभा राहतो, तो बहुधा अशाच पेशींतून.

शेवटच्या खोलीला पाणी पोचवण्याचे दोन उपाय आहेत. एक, टाकीत पाणी वाढवावे. दुसरा, वाटेवरच्या लोकांनी कमी घ्यावे. वैद्यकाने आधी पहिला उपाय करून पाहिला. १९५०च्या दशकात लंडनमध्ये रुग्णाला उच्च दाबाच्या प्राणवायूने भरलेल्या टाकीत झोपवून किरण देण्याचे प्रयोग झाले. काही फायदाही दिसला. परंतु बंद टाकीत रोजच्या रोज माणूस निजवणे जिकिरीचे आणि जोखमीचे होते. ती पद्धत सर्वसामान्य झाली नाही. दुसरा उपाय, म्हणजे वाटेवरच्या पेशींची प्राणवायूची भूक कमी करणे, बरीच वर्षे कोणाच्या हाती लागला नव्हता.

किरण देणाऱ्या यंत्रांविषयी येथे थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्या कथेत मुंबई आणि बंगळुरू या दोन्ही शहरांचा वाटा आहे. कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य वापरणारी यंत्रे भारत पूर्वी परदेशांतून विकत घेत असे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी यंत्र तयार केले. ते प्रथम २००५ साली नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत बसवले गेले, आणि त्याचे तंत्रज्ञान बंगळुरूच्या एका कंपनीकडे सोपवून तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे ही यंत्रे व्हिएतनामसारख्या देशांतही गेली. आज मोठ्या रुग्णालयांत गुदाशयाच्या कर्करोगासाठी विजेवर चालणारी, अधिक नेमके किरण देणारी यंत्रे पसंत केली जातात. परंतु यंत्र कोणतेही असले, तरी प्राणवायूची अडचण तीच राहते.

गोळीचा प्रवास

मेटफॉर्मिनचा उगम युरोपातील लोकवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या एका शेंगावर्गीय वनस्पतीत आहे. गॅलेगा असे तिचे नाव. तिच्यातील द्रव्याशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिन येथे वेर्नर आणि बेल या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले. १९२९ मध्ये सशांवरील प्रयोगांत त्याने रक्तातील साखर उतरते असे दिसले. पण त्या सुमारास इन्शुलिनचा बोलबाला झाला होता आणि या पदार्थाकडे कोणी वळून पाहिले नाही. १९५० साली फिलिपीन्समधील युसेबिओ गार्सिया यांनी ते चक्क इन्फ्लुएन्झावर वापरले. काही रुग्णांची साखर उतरलेली त्यांनी नोंदवली. ती नोंद वाचून पॅरिसच्या झाँ स्टेर्न यांनी मधुमेही रुग्णांना ते देऊन पाहिले आणि १९५७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत मात्र हे औषध १९९५ पर्यंत बाजारात आले नाही. त्याच कुळातील फेनफॉर्मिन या औषधाने रक्तात आम्ल साठून मृत्यू झाल्यामुळे सारे कुळच बदनाम झाले होते. १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ चाचणीने मेटफॉर्मिनची उपयुक्तता सिद्ध केली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. भारतात कोणत्याही खेड्यातील औषधाच्या दुकानात ते मिळते. मुंबईच्या यू. एस. व्ही. कंपनीची ‘ग्लायकोमेट’ ही गोळी तर अनेक घरांत औषधाच्या मूळ नावापेक्षाही अधिक ओळखीची आहे.

कर्करोगाशी या गोळीचे नाव जोडले गेले ते २००५ साली. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी मधुमेही रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण काहीसे कमी आढळले. त्यानंतर जगभर अशा नोंदी तपासण्याची जणू स्पर्धाच लागली.

दोन उपचारांची गाठ

मेटफॉर्मिन पेशीत नेमके काय करते? पेशीच्या आत तंतुकणिका नावाची सूक्ष्म अंगे असतात. प्राणवायूच्या साहाय्याने अन्न ‘जाळून’ ऊर्जा निर्माण करणे हे त्यांचे काम. त्या साखळीतील पहिल्याच दुव्याला मेटफॉर्मिन आवर घालते. परिणामी पेशी प्राणवायू कमी वापरते. वाचकाच्या ध्यानात आले असेल, की चाळीच्या नळाचा दुसरा उपाय तो हाच! वाटेवरच्या पेशींनी प्राणवायू कमी घेतला, तर तो शेवटच्या खोलीपर्यंत पोचेल आणि तेथील पेशी किरणांना बळी पडतील.

कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी २०१३ साली हा तर्क उंदरांवर पडताळून पाहिला. उंदरांच्या शरीरात मानवी कर्करोगाच्या गाठी वाढवण्यात आल्या. त्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशीही होत्या. मेटफॉर्मिन दिल्यावर गाठींतील प्राणवायू वाढला आणि किरणांचा परिणामही वाढला. आतड्याच्या बाबतीत आशेला आणखी एक कारण होते. पोटातून घेतलेले मेटफॉर्मिन आतड्याच्या भिंतीत रक्तातील प्रमाणापेक्षा कितीतरी पटींनी अधिक साठते. (या साठ्यामुळे काही विशिष्ट तपासण्यांच्या चित्रांत आतडे उगाच उजळलेले दिसते, म्हणून अशा तपासणीपूर्वी गोळी दोन दिवस थांबवण्यास सांगतात.) जपानमध्ये मधुमेह नसलेल्या १५१ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. त्यांच्या आतड्यातील मांसांकुर आधी काढून टाकलेले होते. एक वर्ष अल्प मात्रेत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत सुमारे ३१ टक्क्यांना कर्करोगाकडे झुकणारे नवे मांसांकुर झाले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते. म्हणजे आतड्यावर या औषधाचा काही ना काही परिणाम होतो, हे मानण्यास जागा आहे.

आता पीण्याच्या त्या कामगाराकडे पुन्हा वळू. त्याच्या शरीरात गोळी आणि किरण यांची गाठ कोणा वैज्ञानिकाने घातलेली नाही. ती आपोआप पडली आहे. असे रुग्ण प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार घेतलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४८२ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले. मधुमेह नसलेल्यांपैकी १६.६ टक्के, मधुमेह असून मेटफॉर्मिन न घेणाऱ्यांपैकी ७.५ टक्के आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के रुग्णांत गाठ पूर्णपणे नाहीशी झाली होती. ३५ टक्के! या आकड्याने कोणाचेही डोळे विस्फारावेत.

आकड्यांच्या आत

परंतु टक्क्यांचा पडदा बाजूला सारून माणसे मोजावीत. ४८२ पैकी मेटफॉर्मिन घेणारे केवळ २० होते. वीसांचे ३५ टक्के म्हणजे सात माणसे. मधुमेह असून ही गोळी न घेणारे ४० होते. त्यांचे साडेसात टक्के म्हणजे तीन माणसे. सात आणि तीन यांच्यावर केवढी इमारत उभारावयाची? पहिल्या गटातील दोन-तीन जणांचे निदान इकडचे तिकडे झाले असते, तर चित्र पार बदलले असते.

त्याहून खोल अडचण वेगळीच आहे. मेटफॉर्मिन कोणाला दिले जाते? ज्याचे मूत्रपिंड ठीक आहे, ज्याचा मधुमेह फार जुना वा बिघडलेला नाही, त्याला. ज्याचा आजार पुढे गेला आहे त्याला इन्शुलिनकडे वळवले जाते. म्हणजे गोळी घेणारा आणि न घेणारा यांच्यात गोळीशिवायही अनेक भेद असतात. चांगला परिणाम दिसला, तर तो गोळीचा की मुळातल्या बऱ्या प्रकृतीचा, हे नोंदी चाळून कळत नाही.

तिसरी फसगत फार सूक्ष्म आहे, पण समजून घेण्याजोगी आहे. एखाद्या कारखान्यात पंचवीस वर्षे नोकरी केलेल्यांना घड्याळ भेट देतात असे समजा. कोणी हिशेब मांडला, की घड्याळ मिळालेले कामगार सरासरीने घड्याळ न मिळालेल्यांपेक्षा अधिक वर्षे जगले. हिशेब बरोबर निघेल. पण आयुष्य घड्याळाने वाढले असे कोणी म्हणेल काय? घड्याळ मिळण्यासाठी पंचवीस वर्षे जिवंत राहणे हीच अट होती. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या रुग्णांचीही गणना पुष्कळ अभ्यासांत अशीच झाली होती. कॅनडातील माँट्रियलच्या सुइसा आणि अझूले यांनी २०१२ साली मेटफॉर्मिन व कर्करोग यांवरील अनेक गाजलेल्या अभ्यासांतील हा काळाचा दोष उघड केला. ज्या अभ्यासांत तो टाळला होता, तेथे गोळीचा प्रताप बराचसा ओसरलेला दिसला.

यावर उपाय एकच : समान स्थितीतील रुग्ण घ्यावेत, चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपवून त्यांचे दोन गट करावेत, एका गटाला औषध द्यावे, दुसऱ्याला देऊ नये, आणि वाट पाहावी. मेटफॉर्मिनच्या वाट्याला अशा परीक्षा आल्या आणि त्यांचे निकाल कठोर लागले. फुप्फुसाच्या कर्करोगात किरण व औषधोपचारांबरोबर मेटफॉर्मिन देणाऱ्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ साली आले. अमेरिकेतील १७० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. कॅनडातील ५४ रुग्णांच्या लहान चाचणीत तर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची स्थिती अधिक वाईट झाली. २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवरील मोठ्या चाचणीतही मेटफॉर्मिनमुळे रोग परतण्याचे टळले नाही. तर्क उत्तम, उंदरांतील प्रयोग यशस्वी, नोंदी आशादायक. आणि तरीही निकाल नकारार्थी.

असे का झाले असावे? प्रयोगशाळेतील बशीत पेशींना जितके मेटफॉर्मिन दिले जाते, तितके माणसाच्या रक्तात सुरक्षितपणे पोचवताच येत नाही, हे एक कारण सांगितले जाते. फुप्फुस आणि स्तन ही आतड्यासारखे औषध साठवणारी अंगे नव्हेत, हे खरे. म्हणून गुदाशयाच्या बाबतीत दार पुरते बंद झाले आहे असे म्हणता येत नाही. पण दार किलकिले असणे आणि उघडे असणे यांत अंतर आहे. ‘पाहा आणि थांबा’ या मार्गाची शक्यता मागील काही वर्षांत वाढली, ती मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वीच किरण आणि पूर्ण औषधोपचार एकामागून एक देण्याच्या पद्धतीमुळे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत अशा उपचारांनंतर सुमारे अर्ध्या रुग्णांचे गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होते. गोळीच्या नावावर असे काही अद्याप जमा नाही.

मग स्वस्त, जुन्या औषधांकडून आशाच ठेवू नये काय? महाराष्ट्रातीलच एक उदाहरण याच्या उलट साक्ष देते. दात काढताना बधिरतेसाठी टोचले जाणारे लिग्नोकेन सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती हे औषध टोचून पाहिले. देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांचे चिठ्ठीच्या न्यायाने दोन गट केले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी औषध दिलेल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर दुसऱ्या गटातील ८६.४ टक्के. औषधाचा खर्च नगण्य होता. परीक्षेला मात्र दशकाहून अधिक काळ लागला. स्वस्त औषधाची परीक्षा स्वस्तात होत नाही. नव्या, महाग औषधाच्या चाचणीला कंपनीचा पैसा मिळतो. ज्या गोळीतून कोणाला विशेष नफा व्हावयाचा नाही, तिच्या चाचणीचा भार सार्वजनिक संस्थांनाच उचलावा लागतो.

कामगाराच्या वाट्याला काय?

होसूर रस्त्यावर १९७३ साली स्थापन झालेली किदवाई स्मारक कर्करोग संस्था आहे. पीण्यापासून तेथे जावयाचे म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या बाजूस जाणे. २८ दिवस ही ये-जा करावी लागली, तर तितक्या दिवसांची हजेरी बुडते. विमा योजनेतील पात्र कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळण्याची तरतूद आहे. पण ती अनेकांना ठाऊकच नसते. कामगाराच्या हिशेबात पाच दिवसांची आखूड पद्धत आपल्याला चालेल का, हा प्रश्न मेटफॉर्मिनपेक्षा आधी येतो, आणि तो त्याने डॉक्टरांना अवश्य विचारावा.

गोळीविषयी बोलावयाचे, तर त्याने ती मधुमेहासाठी घ्यावयाची आहे. किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपण कोणत्या गोळ्या घेतो, हे त्याने कागदावर लिहून दाखवावे. याला व्यावहारिक कारणे आहेत. मेटफॉर्मिनने काहींना जुलाब होतात. कटिरावरील किरणांनीही होतात. दोन्ही एकत्र आले, की शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, मूत्रपिंडावर ताण पडतो, आणि मूत्रपिंड थकले की मेटफॉर्मिन शरीरात साचू लागते. अशा वेळी, तसेच शस्त्रक्रियेच्या आधी, डॉक्टर ती काही दिवस थांबवून साखरेसाठी दुसरी व्यवस्था करतात. ज्याला मधुमेह नाही अशा शेजारच्या रुग्णाने, कोठेतरी ऐकून, दुकानातून तीच गोळी आणून घेऊ नये. त्याच्या गाठीवर तिचा उपयोग होतो, असे कोणत्याही पक्क्या चाचणीने अद्याप दाखवलेले नाही.

स्वाध्याय

१. गाठीतील प्राणवायूची टंचाई स्पष्ट करण्यासाठी पाठात चाळीतील नळाचे उदाहरण घेतले आहे. त्या उदाहरणातील टाकी, वाटेवरची बिऱ्हाडे आणि शेवटची खोली ही कशाकशाची प्रतीके आहेत, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. ‘३५ टक्के’ आणि ‘वीसांपैकी सात’ हे दोन्ही उल्लेख एकाच गोष्टीचे आहेत. तरीही वाचणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम वेगळा का होतो?

३. घड्याळ भेट मिळालेल्या कामगारांच्या उदाहरणासारखे एखादे उदाहरण आपल्या गावातील वा कामाच्या ठिकाणच्या अनुभवातून शोधून पाच-सहा वाक्यांत मांडा.